भागाकाराची शाब्दिक उदाहरणे : बाकी उरते तिचे काय करावे?

इयत्ता चौथीतील विद्यार्थ्यास फळ्यावर ९६ ÷ ८ असे उदाहरण घातले, तर तो ते बहुधा बिनचूक सोडवितो. तेच उदाहरण ‘एका खोक्यात ८ नग मावतात, तर ९६ नगांस किती खोकी लागतील?’ असे शब्दांत दिले की तो थबकतो आणि शिक्षकांच्या तोंडाकडे पाहून हळूच विचारतो, “गुरुजी, गुणायचं का भागायचं?” हा प्रश्न ज्या वर्गात वारंवार ऐकू येतो, त्या वर्गातील मुलांस भागाकाराची रीत आली आहे, भागाकार आलेला नाही, असे समजावे. रीत हातास वळण लावते. भागाकार केव्हा करावयाचा आणि आलेल्या उत्तराचे काय करावयाचे, हे मात्र रीत सांगत नाही. शाब्दिक उदाहरणांचे सारे प्रयोजन तेथेच आहे.

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील शाळांस या कामी एक मोठी सोय आहे. पुणे-बेंगळूर महामार्गालगतची ही वसाहत कागल आणि हातकणंगले या दोन्ही तालुक्यांस स्पर्श करते. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली या बाजूच्या गावांतील कित्येक घरांतून कोणी ना कोणी तेथे कामास जाते. कोणी ओतकामाच्या फाउंड्रीत आहे, कोणी यंत्राचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात, तर कोणी कापडाच्या गिरणीत. पाळी, खोके, नग, ट्रक, कामगारांची बस हे शब्द या मुलांच्या कानांवरून रोज जातात. पाठ्यपुस्तकातील आंबे व लाडू यांच्या वाटण्या वाईट नाहीत. परंतु ज्या मुलाचा बाप रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, त्याला २४ तासांत ८-८ तासांच्या किती पाळ्या बसतात, हे विचारले तर तो उत्तर शोधावयास वहीपेक्षा आधी स्वतःच्या घराकडे पाहील. तसे पाहणे म्हणजेच उदाहरण समजणे होय.

सुरुवात चिंचोक्यांनी करावी. भागाकाराचे अर्थ दोन आहेत आणि ते दोन्ही हाताने करून पाहिल्यावाचून मुलांस वेगळे कळत नाहीत. २४ चिंचोके ६ मुलांस सारखे वाटावयास सांगावे. मुले एकेकाच्या पुढे एकेक चिंचोका टाकीत जातात, फेरी पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात आणि शेवटी प्रत्येकापुढे किती जमले ते मोजतात. उत्तर येते ४ चिंचोके. आता तेच २४ चिंचोके पुन्हा एकत्र करून, प्रत्येक मुलास ६ चिंचोके द्यावयाचे तर ते किती मुलांस पुरतील, असे विचारावे. या वेळी हाताची हालचाल अगदी निराळी होते. मूल सहा मोजून एक ढीग बाजूस काढते, पुन्हा सहा मोजते आणि शेवटी ढीग मोजते. उत्तर येते ४ मुले. फळ्यावर दोन्ही वेळा २४ ÷ ६ = ४ असेच लिहिले जाते. परंतु पहिल्या कृतीत वाटणी झाली, दुसरीत मोजणी झाली. पहिल्या उत्तराचे नाव चिंचोके, दुसऱ्याचे मुले. उत्तरापुढे नाव लिहिण्याचा आग्रह शिक्षक धरतात तो नीटनेटकेपणासाठी नव्हे. नाव चुकले तर मुलाने कोणती कृती मनात धरली होती, हे त्यावरून कळते.

या दोन अर्थांपैकी वाटणीचा अर्थ मुले घरूनच घेऊन येतात. मोजणीचा अर्थ मात्र शाळेत उपेक्षित राहतो. आणि वसाहतीतील बहुतेक व्यवहार, म्हणजे खोकी भरणे, ट्रक भरणे, पाळ्या लावणे, मोजणीचेच आहेत. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत दोन्ही प्रकारची उदाहरणे आलटून पालटून द्यावीत. एक प्रकार संपवून दुसरा घेऊ नये. तसे केले तर मुले अर्थ न पाहता ‘सध्या काय चालले आहे’ तेवढेच पाहतात.

रीतीतही हे दोन अर्थ लपलेले असतात. ७२ रुपये तिघांस वाटावयाचे आहेत, असे सांगून दहा रुपयांच्या ७ व एक रुपयाची २ अशी खोटी नाणी-नोटा मुलांच्या हाती द्याव्यात. प्रत्येकास दहाच्या दोन नोटा मिळतात, एक नोट उरते. ती तीन ठिकाणी फाडता येत नाही, म्हणून तिची मोड घ्यावी लागते. मोडीचे दहा आणि आधीचे दोन मिळून बारा रुपये होतात आणि ते प्रत्येकी चार वाटले जातात. वहीत आपण ‘एक उरला, दोन खाली घेतला’ असे जे म्हणतो, ते म्हणजे ही मोडच. एकदा मोड घेऊन पाहिलेल्या मुलास ‘खाली का घ्यायचे’ हे पुन्हा सांगावे लागत नाही.

आता शब्दांकडे वळू. काही शिक्षक सोय म्हणून मुलांस खुणेचे शब्द पाठ करून देतात. ‘प्रत्येकी’ आले की भागाकार, ‘वाटले’ आले की भागाकार, ‘एकूण’ आले की बेरीज किंवा गुणाकार. ही सोय फार महाग पडते. ‘७ खोक्यांत प्रत्येकी १२ नग भरले, तर किती नग भरले?’ येथे ‘प्रत्येकी’ आहे, पण करावयाचा गुणाकार आहे. ‘शिक्षिकेने ५ मुलींस ३-३ चिक्क्या वाटल्या, तर किती चिक्क्या वाटल्या?’ येथे ‘वाटणे’ आहे, तरीही भागावयाचे काहीच नाही. उलट ‘एकूण ४८ कामगार, एका टेम्पोत ८’ या उदाहरणात ‘एकूण’ असून भागाकार आहे. मराठीत ‘प्रत्येकी’ हा शब्द गुणाकार आणि भागाकार या दोन्ही घरी सारखाच वावरतो. त्याचा हात धरून गेलेले मूल निम्म्या वेळा चुकीच्या घरी पोहोचते. खुणेच्या शब्दाऐवजी एक प्रश्न मुलांच्या अंगवळणी पाडावा : आपल्याला सगळ्यांची संख्या ठाऊक आहे, की ती काढायची आहे? सगळी संख्या ठाऊक असून तिचे सारखे भाग करावयाचे असतील, तर आणि तरच भागाकार.

शब्दांच्या मागे न जाता केवळ आकड्यांच्या मागे जाण्याचे एक उदाहरण सर्वत्र सांगितले जाते. स्वित्झर्लंडमधील अभ्यासक कुर्ट रॉयसर यांनी १९८० च्या दशकात मुलांना विचारलेल्या प्रश्नांपैकी हा एक : कळपात १२५ मेंढ्या व ५ कुत्री आहेत, तर मेंढपाळाचे वय किती? प्रश्नास उत्तरच नाही. तरीही पुष्कळ मुलांनी उत्तर काढले. एका मुलाचा विचार तर मोठा बोधक आहे. १२५ आणि ५ मिळविले तर १३०, हे फार होते. वजा केले तर १२०, तेही फार. भागले तर २५, हे जमते. म्हणून मेंढपाळ २५ वर्षांचा! हा मुलगा मंद नव्हता. त्याने उत्तर पडताळूनही पाहिले. पण शाळेतील प्रश्नास उत्तर असतेच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते, अशी त्याची खात्री झालेली होती. पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत लोटणारा धनगर समाज पाहिलेल्या, मेंढरांचे कळप दाराशी पाहत वाढलेल्या मुलांस हा प्रश्न विचारून पाहावा. घरी ज्याला मेंढपाळाच्या वयाचा मेंढरांशी संबंध नाही हे पक्के ठाऊक आहे, तेच मूल वर्गात पाटी घेऊन भागाकार करू लागले, तर दोष कोठे आहे ते शिक्षकांस कळून येईल. महिन्यातून एकदा तरी उत्तर नसलेला, किंवा नको असलेला आकडा जास्तीचा घातलेला प्रश्न मुलांपुढे ठेवावा.

भागाकाराच्या शाब्दिक उदाहरणांत खरी कसोटी लागते ती बाकीपाशी. बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांत उत्तर आले की काम संपते. भागाकारात मात्र बाकी उरली, की काम तेथून सुरू होते. २६ ÷ ४ हा एकच भागाकार घ्यावा. भागाकार ६, बाकी २. आता चार प्रश्न पाहावेत. एका खोक्यात ४ नग मावतात, तर २६ नगांची किती खोकी पूर्ण भरतील? उत्तर ६. कारखान्याच्या भोजनगृहात एका टेबलाशी ४ जण बसतात, तर २६ कामगारांस एकाच वेळी बसावयास किती टेबले हवीत? उत्तर ७. २६ मीटर कापडाचे ४ सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा किती मीटरचा? उत्तर साडेसहा. चार-चार नग खोक्यांत भरल्यावर २६ पैकी सुटे किती राहतील? उत्तर २. आकडे तेच, रीत तीच, आणि उत्तरे चार. यांपैकी कोणतेही उत्तर रीतीतून मिळत नाही. खोके, टेबल, कापड आणि सुटा नग यांचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते मिळते. कापड अर्धे फाडता येते, माणूस अर्धा बसविता येत नाही.

हे वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी देशभर घेतलेल्या गणिताच्या चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांस विचारले होते, की सैन्याच्या एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. ११२८ सैनिकांस न्यावयाचे, तर किती बस लागतील? भागाकार शेकडा ७० मुलांनी बरोबर केला. पण शेकडा २९ मुलांनी ‘३१, बाकी १२’ एवढे बस लागतील असे लिहिले. शेकडा १८ मुलांनी बाकी टाकून ३१ लिहिले. आणि ३२ हे योग्य उत्तर लिहिणारी मुले शेकडा २३ निघाली. म्हणजे ज्यांस भागाकार येत होता, त्यांतील दोन-तृतीयांश मुले उत्तराच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत फिरली. ‘बाकी १२ बस’ ही कशी दिसते, असे त्यांस कोणी कधी विचारले नसावे.

हाच प्रश्न कागलच्या वेशात असा मांडता येईल : पहिल्या पाळीस १७० कामगार आहेत, एका बसमध्ये ४० बसतात, तर किती बस हव्यात? मुलाने ‘४, बाकी १०’ असे लिहिले, तर त्यावर चुकीची खूण करून पुढे जाऊ नये. ‘ते दहा जण आता कोठे आहेत?’ असे विचारावे. ते महामार्गावरच्या फाट्यावर उभे आहेत, त्यांची पाळी चुकणार आहे, त्यांची हजेरी बुडणार आहे, हे मुलेच सांगतील. आणि पाचवी बस मागवावी लागेल, हेही तीच सांगतील. ती दहा माणसे कोणाची तरी वडील, काका, आई आहेत, हे या मुलांस सांगावे लागत नाही. मात्र येथे एक सावधगिरी हवी. ‘बाकी उरली की भागाकारात एक मिळवा’ असा नवा नियम शिक्षकांनी देऊ नये. १७० रुपयांत ४० रुपयांच्या किती वह्या येतील, या प्रश्नास उत्तर ४ च आहे. दुकानदार उरलेल्या १० रुपयांत पाचवी वही देणार नाही. दोन्ही प्रश्न एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक द्यावेत आणि उत्तरे वेगळी का आली, ते मुलांकडून बोलवून घ्यावे.

शिक्षकांच्या स्वतःच्या कामकाजातही ही बाकी ठायी ठायी भेटते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी साठ मुलांपर्यंत दोन आणि एकसष्ट ते नव्वद मुलांपर्यंत तीन शिक्षक असे प्रमाण घातले आहे. ६१ ÷ ३० करताच भागाकार २ येतो, बाकी १. त्या एका मुलासाठी तिसरा शिक्षक. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्या निर्णयामागची वृत्तीही, बाकी राहिलेल्यास सोडून हिशेब पुरा होत नाही, अशीच होती.

दुसरे उदाहरण शालेय पोषण आहाराच्या कोठीतील. पहिली ते पाचवीच्या मुलास रोज १०० ग्रॅम तांदूळ धरला, तर ५० किलोच्या पोत्यात ५०० मुलांचा एक वेळचा तांदूळ असतो. शाळेत ६४ मुले रोज जेवत असतील, तर ५०० ÷ ६४. भागाकार ७, बाकी ५२. पोते सात दिवस पुरेल, हे उत्तर झाले. परंतु चौथी-पाचवीच्या मुलांस पुढे विचारावे, की आठव्या दिवशी काय होईल? ५२ जणांचा तांदूळ आहे, जेवणारे ६४ आहेत. १२ मुलांचा तांदूळ कमी पडेल. म्हणून नवे पोते आठव्या दिवसाच्या आत यावयास हवे. येथे बाकी टाकूनही चालत नाही आणि एक मिळवूनही चालत नाही. ती वाचावी लागते. हे उदाहरण मुलांनी कोठीतील प्रत्यक्ष पोते व हजेरीपटावरील त्या दिवसाचा आकडा घेऊन करावे. शिक्षकांनी बनविलेल्या आकड्यांपेक्षा हजेरीपटाचे आकडे ओबडधोबड असतात, त्यांत बाकी हमखास उरते, आणि आपल्यास तेच हवे आहे. बाकी कधीच उरू न देणारी उदाहरणे फार दिवस दिली, तर बाकी उरणे म्हणजे आपले काही तरी चुकले, अशी मुलांची समजूत होते.

वसाहतीच्या परिसरातील वर्गांत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इत्यादी प्रांतांतून कामास आलेल्या कुटुंबांची मुले या शाळांत बसतात. सीमाभाग जवळ असल्याने काही घरांतून कन्नडही बोलली जाते. यांतील एखादे मूल आकड्यांचा भागाकार चटकन करते आणि शाब्दिक उदाहरणाची वही कोरी ठेवते. त्यास गणित येत नाही, असा शेरा मारण्यापूर्वी उदाहरण वाचून दाखवावे. ‘एकोणतीस’ म्हटले, की हिंदी घरातील मुलास तो ‘उनतीस’ असल्याचे कळत नाही. ‘पन्नास’ हे ‘पचास’ असल्याचे तो अंदाजाने ताडतो. मराठी मुलांसही संख्यांची ही जोडनावे जड जातात. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाची सोय दिल्यावरून मोठा वाद झाला, तो याच अडचणीतून. वादाचा निकाल काहीही असो, उदाहरणातील संख्या अक्षरांबरोबर अंकांतही लिहिणे शिक्षकांच्या हाती आहे. ‘प्रत्येकी’ म्हणजे ‘हर एक को’, ‘वाटणे’ म्हणजे ‘बाँटना’, ‘उरले’ म्हणजे ‘बचे’, एवढी चार शब्दांची ओळख करून दिली, तर त्या मुलाची वही कोरी राहत नाही. त्याहून उत्तम उपाय म्हणजे त्यास त्याच्या बोलीत उदाहरण सांगू द्यावे आणि शेजारच्या मुलाने ते मराठीत फिरवून सांगावे. दोघांचेही त्यात साधते. कारण उदाहरण समजल्यावाचून ते दुसऱ्या शब्दांत सांगताच येत नाही. ‘बाकी’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांत चालतो.

ताळा पाहण्याची सवय पूर्वीच्या शाळांत होती, ती पुन्हा लावावी. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त भागाकाराचे फळ सांगितले आहे ते गुणाकाराच्याच अंगाने : ज्या संख्येने गुणिलेला भाजक भाज्यातून वजा होतो, ती संख्या. तेव्हा भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य, हा ताळा म्हणजे भागाकाराची व्याख्याच उलटी वाचणे होय. भागाकारात मधले शून्य गाळण्याची चूक याने लगेच पकडली जाते. ‘६ ट्रकांत ६१२ खोकी सारखी भरली, तर एका ट्रकात किती?’ याचे उत्तर १२ लिहिणाऱ्या मुलास, एका ट्रकात १२ खोकी तर सहा ट्रकांत ७२, मग बाकीची पाचशे-साडेपाचशे खोकी कोठे गेली, असे विचारले की तो स्वतःच १०२ वर येतो.

शेवटचा टप्पा मुलांनी उदाहरणे रचण्याचा. फळ्यावर नुसते २९ ÷ ४ लिहावे आणि यावर गोष्ट रचावयास सांगावी. ‘२९ बसमध्ये प्रत्येकी ४ माणसे, तर किती माणसे?’ असे कोणी रचले, तर त्या मुलास चिंचोक्यांकडे परत न्यावे. त्यास अजून रीतच आली आहे. ज्यांची गोष्ट जमली, त्यांस पुढचे काम द्यावे : आता अशी गोष्ट रचा की उत्तर ८ आले पाहिजे. मग दुसरी, जिचे उत्तर ७ येईल. आठाची गोष्ट बहुधा बाकावर बसणाऱ्या मुलांची किंवा होडीत बसणाऱ्यांची निघते. साताची निघते पैशांची किंवा खोक्यांची. उत्तर १ येईल अशी गोष्ट मात्र मुले बराच वेळ शोधतात. वर्गात कोणासच ती सापडली नाही, तरी शिक्षकांनी सांगण्याची घाई करू नये, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. गॅरेजपाशी राहणारे एखादे मूल येऊन सांगेल, की २९ चाके आहेत, एका गाडीला चार लागतात, सगळ्या गाड्यांना चाके बसविल्यावर कोपऱ्यात किती चाके पडून राहतील?